मालकाच्या चाकरीतील भुते

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात सव्हाना नावाचे जुने बंदर आहे. तेथील मॅडिसन चौकात फ्रान्सिस सोरेल या व्यापाऱ्याने १८४० च्या सुमारास पुरा केलेला एक भव्य वाडा उभा असून, सोरेल-वीड हाऊस या नावाने तो आज संग्रहालय म्हणून चालवला जातो. दिवसा तेथे वास्तुशिल्प दाखवले जाते, रात्री भुते. दोहोंना तिकीट आहे.

रात्रीच्या तिकिटावर जी कथा ऐकवली जाते ती अशी. मालक सोरेल यांनी मॉली नावाच्या गुलाम मुलीशी संबंध ठेवले. मालकीण मॅटिल्डा यांना ते कळले आणि त्यांनी उंचावरून उडी घेऊन जीव दिला. पुढे थोड्याच दिवसांत मॉली आवारातील गाडीखान्याच्या माडीवर गळफास लागलेल्या अवस्थेत आढळली. तेव्हापासून दोघींचे आत्मे तेथे वावरतात. मॅटिल्डा सोरेल १८६० मध्ये पडून मरण पावल्या हे खरे. परंतु त्यापूर्वीच हे कुटुंब शेजारच्या घरात राहावयास गेले होते. मॉलीचा तर मागमूसही नाही. टिया माइल्स या इतिहाससंशोधक विदुषीने सव्हानातील दप्तरे तिच्या शोधार्थ धुंडाळली. मॉली त्यांना कोठेच सापडली नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतील या ‘भूत-पर्यटना’चा त्यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे.

येथवर आल्यावर विवेकवाद्याचे समाधान होते. भूत नाही, पुरावा नाही, प्रश्न मिटला. समाजवाद्याचा प्रश्न मात्र येथूनच सुरू व्हावयास हवा. ज्या वाड्याचा संसार हाडामांसाच्या गुलामांच्या श्रमावर चालला, त्या वाड्याला आपली कथा सांगण्यासाठी एक काल्पनिक गुलाम मुलगी का लागावी? खरी माणसे गेली कोठे? आणि त्यांच्या जागी हे भूत कोणी बसवले?

या भुताचा इतिहास तपासला तर असे दिसते की, ते प्रथमपासूनच मालकाच्या चाकरीत आहे. काळ बदलला तशी त्याची कामे बदलली, एवढेच.

त्याचे पहिले काम रखवालदाराचे होते. शेकडो गुलामांच्या मळ्यावर मूठभर गोऱ्यांनी रात्री पहारा ठेवणे अवघड असे. गुलाम रात्री एकत्र जमतील, शेजारच्या मळ्यावरील नातलगांना भेटतील, पळून जातील, बंडाचा विचार करतील, ही धास्ती मालकांना सतत असे. ग्लॅडिस-मेरी फ्राय यांनी कृष्णवर्णीयांच्या मौखिक परंपरेवर आधारलेल्या १९७५ च्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, मालक आणि त्यांचे मुकादम अमुक वाटेवर, अमुक ओढ्याकाठी भुते असल्याच्या कथा जाणीवपूर्वक पसरवीत. प्रसंगी स्वतः पांढरी वस्त्रे पांघरून हिंडत. गस्तवाल्याला पगार द्यावा लागतो, भुताला द्यावा लागत नाही. श्रमिकाला जागेवर बांधून ठेवण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नव्हता.

यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली, तेव्हा भुताला दुसरे काम मिळाले. त्याच सुमारास टेनेसी राज्यात स्थापन झालेल्या कू क्लक्स क्लान या संघटनेचे लोक आपण युद्धात पडलेल्या दक्षिणी सैनिकांची भुते आहोत असे भासवीत स्वतंत्र झालेल्या कृष्णवर्णीयांच्या दारी जात. रणात पडल्यापासून घोटभर पाणी मिळाले नाही, असे म्हणून बादलीभर पाणी पिण्याचे सोंग करीत. ते पाणी झग्याआड लपवलेल्या पिशवीत जाई. पुष्कळांना झग्याखालचा शेजारी त्याच्या आवाजावरून, घोड्यावरून ओळखू येई. भीती भुताची नव्हती; त्याच्या हातातील चाबकाची आणि बंदुकीची होती. कृष्णवर्णीय पुरुषांना १८७० मध्ये घटनादुरुस्तीने मताचा हक्क मिळाला. तो वापरू नये, मजुरीचा करार मोडू नये, जमीन मागू नये, यासाठी ही भुते रात्री फिरत होती.

तिसरे काम आजचे. भूत आता तिकीट विकते.

हे तिसरे काम पहिल्या दोहोंपेक्षा निरुपद्रवी वाटते. पण कथेत काय घडते ते पाहावे. लुइझियाना राज्यात मर्टल्स नावाची १७९६ ची मळ्याची हवेली आहे. तेथे मुक्कामाची सोय आहे आणि भुतांच्या फेऱ्याही होतात. तेथील प्रसिद्ध भूत क्लोई या गुलाम स्त्रीचे. मालकाने तिला भोगदासी केले. चोरून ऐकल्याबद्दल तिचा कान कापला. तिने कण्हेरीची पाने घातलेला केक करून मालकीण आणि तिची दोन मुले मारली. आणि इतर गुलामांनीच तिला फाशी देऊन नदीत फेकले, असे सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी की, क्लोईची नोंद नाही आणि ते मृत्यू १८२३–२४ मधील पीतज्वराने झाले होते. आता या कथेतील न्यायनिवाडा पाहा. बलात्कार मालकाचा, खून मात्र दासीच्या माथी. फाशीही मालकाने दिली नाही, तिच्याच भाऊबंदांनी दिली. अत्याचार झाला तो एका वाईट माणसाच्या वासनेमुळे. व्यवस्थेचा त्यात संबंध नाही. प्रेक्षक घाबरतो, हळहळतो, आणि मालकाच्या खोलीत शांत झोपतो. अर्थव्यवस्थेचे रूपांतर कौटुंबिक शोकांतिकेत झाले की कोणालाच कोणाचे देणे उरत नाही.

आता भुतांना बाजूला सारून सव्हानाची खरी कागदपत्रे पाहू. सरकी काढण्याचे यंत्र एली व्हिटनी याने १७९३ मध्ये सव्हानाजवळच्याच एका मळ्यावर तयार केले. यंत्राने श्रम वाचतात, हा पाठ्यपुस्तकातील सिद्धांत. येथे यंत्राने कापूस किफायतशीर केला आणि कापसाने गुलामांची मागणी वाढवली. १७९० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ते ३९ लाख ५० हजारांवर गेले. गहाण ठेवता येणारे, विमा उतरवता येणारे, वारसाने वाटून घेता येणारे हे भांडवल होते. देशातील रेल्वे आणि कारखाने यांच्या एकत्रित भांडवलापेक्षा गुलामांची बाजारकिंमत अधिक होती, असा इतिहासकारांचा हिशेब आहे.

या हिशेबाला चेहराही आहे. पिअर्स बटलर हा जमीनदार कर्जात बुडाला, तेव्हा २ व ३ मार्च १८५९ रोजी सव्हानाजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर त्याच्या गुलामांचा लिलाव झाला. विक्रीच्या यादीत ४३६ माणसे होती. नाव, वय आणि काम यांसह, क्रमांक घालून. पुरुष, स्त्रिया, तान्ही मुले. लिलावाआधी त्यांना घोड्यांच्या तबेल्यात ठेवले होते. दोन्ही दिवस पाऊस कोसळत होता. न्यूयॉर्कच्या ट्रिब्यून पत्राचा वार्ताहर मॉर्टिमर थॉम्सन गिऱ्हाईक म्हणून आत शिरला, म्हणून तपशील जगाला कळला. ४२९ माणसे विकली गेली आणि ३ लाख ३ हजार ८५० डॉलर जमा झाले, म्हणजे माणशी सरासरी ७०८ डॉलर. कृष्णवर्णीयांच्या स्मृतीत ही ‘आसवांची वेळ’ म्हणून राहिली. या ठिकाणाची आठवण देणारा अधिकृत फलक उभा राहिला तो २००८ मध्ये, घटनेनंतर तब्बल १४९ वर्षांनी. ४३६ माणसांची यादी हाताशी असताना शहर कथा सांगते ती यादीत कोठेच नसलेल्या मॉलीची.

कोणी म्हणेल की, गुलामांनी स्वतःचे लेखी काही मागे ठेवले नाही, म्हणून कल्पनेला वाव मिळाला. पण त्यांनी लिहिले नाही, याचेही कारण नोंदलेले आहे. गुलामांना लिहावयास-वाचावयास शिकवणे जॉर्जियात १८२९ च्या कायद्याने गुन्हा ठरवले होते. प्रथम अक्षर नाकारावयाचे, मग दप्तरात साक्ष नाही म्हणावयाचे, आणि शेवटी त्या रिकाम्या जागेत भूत बसवून त्याचे तिकीट लावावयाचे, असा हा क्रम आहे. शूद्रातिशूद्रांच्या अक्षरबंदीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. ज्यांनी गुलामगिरीवरचे एक पान वाचले नसते, त्यांच्या कानी भुताच्या निमित्ताने का होईना तिचा उल्लेख पडतो. शिवाय पिडलेल्यांच्या भूतकथा ही अन्यायाची लोकस्मृतीच नव्हे काय? दुसऱ्या भागात तथ्य आहे. गुलामांची स्वतःची भूतकल्पना होती, तिचा मान राखला पाहिजे. मात्र ती पर्यटकांना विकल्या जाणाऱ्या भुताहून वेगळी आहे, आणि तो फरक सव्हानातच पाहता येतो. सोरेल वाड्यापासून थोड्याच अंतरावर १८१९ चे ओवेन्स-थॉमस हाऊस आहे. त्याच्या मागील बाजूस गुलामांची मूळ खोपटी टिकून आहे. तिच्या छताला जुना निळा रंग आहे. या रंगाने वाईट आत्मे दूर राहतात, अशी त्या किनाऱ्यावरील कृष्णवर्णीयांची समजूत होती. तो रंग पाहणाऱ्याला भीती वाटत नाही. येथे माणसे निजत होती आणि त्यांना आपल्या मुलाबाळांच्या रक्षणाची काळजी होती, एवढेच कळते. या संग्रहालयाने २०१८ मध्ये मांडणी बदलून ‘गुलामांचे निवासस्थान’ हे शब्द आपल्या नावातच घातले. लुइझियानातील व्हिटनी मळ्यावर २०१४ मध्ये खुले झालेले संग्रहालय तर संपूर्णपणे गुलामांच्या जीवनाला वाहिलेले आहे. तेथे त्यांची नावे दगडावर कोरली आहेत. तेव्हा भुताशिवाय प्रेक्षक येत नाहीत, ही सबब टिकत नाही.

भूत आणि नोंदवही यांतील फरक सत्ताधाऱ्यांना नीट कळतो. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी राष्ट्रीय संग्रहालयांतील इतिहासाची मांडणी ‘शुद्ध’ करण्याचा आदेश काढला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ही संग्रहालये गुलामगिरी किती वाईट होती हेच सांगत बसतात, अशी जाहीर तक्रार केली. भुतांच्या फेऱ्यांविषयी त्यांची तक्रार नव्हती. भुताला कोणतेच सरकार घाबरत नाही. ते नावे, आकडे आणि तारखा यांना घाबरते.

या प्रश्नाशी महाराष्ट्राचे नाते दुहेरी आहे. यादवी युद्धाने अमेरिकी कापूस अडला, तेव्हा मुंबईहून जाणाऱ्या कापसाचे भाव कडाडले. १८६५ मध्ये युद्ध संपताच ते कोसळले आणि शेतकरी सावकाराच्या पाशात अधिकच अडकला. त्याची परिणती १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांकडे नेणाऱ्या कारणांत मोजली जाते. दुसरे नाते अधिक उदात्त आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. तेथील मळ्यावरील मजूर आणि येथील शूद्रातिशूद्र यांचे दुःख एका व्यवस्थेच्या तर्काने ओळखणारा हा द्रष्टा होता. त्यांनी भुते सांगितली नाहीत, हिशेब मागितला.

आपल्याकडील वाड्यांची स्थिती काय? पुण्याच्या शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. त्यांची आर्त हाक पौर्णिमेच्या रात्री अजून ऐकू येते, अशी समजूत घरोघरी आहे. धन्याला वाचवू पाहणारा चापाजी टिळेकर हा सेवकही त्याच वेळी मारला गेला. त्याची हाक कोणाला ऐकू येत नाही. अमेरिकेत गुलामाचे खोटे भूत तरी विकले जाते. आपल्या लोकस्मृतीत चाकराच्या वाट्याला भूत होण्याचा मानही येत नाही. आणि तो वाडा ज्या गवंड्यांनी, पाथरवटांनी, वेठीच्या गड्यांनी उभारला, त्यांचा तर प्रश्नच उपस्थित होत नाही.

अंधश्रद्धेविरुद्धच्या कार्याची किंमत महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या रक्ताने मोजली आहे. त्या कार्याचा एक पैलू पुढे नेण्याची वेळ आली आहे. भूत नाही, एवढे सांगून थांबू नये. ज्या वास्तूत भूत सांगितले जाते, तेथे कोण राबत होते, काय मजुरी मिळत होती, कोणाची विक्री झाली, कोणाची वेठ होती, हे विचारावे. पेशवे दप्तरातून दासी आणि कुणबिणी यांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी अभ्यासकांनी पूर्वीच प्रकाशात आणल्या आहेत. त्या वाड्यांच्या भिंतींपर्यंत पोहोचल्या नाहीत. राज्याच्या ताब्यातील प्रत्येक ऐतिहासिक वाड्यात, राजवाड्यात आणि किल्ल्यावर तेथील श्रमिकांच्या माहितीचा फलक मराठीत लावावा, तेवढी माहिती मूळ कागदांवरून काढण्याचे काम विद्यापीठांतील विद्यार्थ्यांकडे सोपवावे आणि वाटाड्यांच्या प्रशिक्षणात तिचा समावेश करावा, ही मागणी शाखाशाखांतून पुरातत्त्व खात्याकडे गेली पाहिजे. तिला मोठा निधी लागत नाही.