एवढेसेच तर काम आहे!

मराठी भाषेतील सर्वांत महाग वाक्य कोणते, असे मला कोणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन : ‘एवढेसेच तर काम आहे!’ महाग अशासाठी की, त्याची किंमत ते उच्चारणारा कधीच देत नाही. ऐकणाऱ्याला ती झोपेच्या रूपाने मोजावी लागते.

मी मुद्रितशोधक आहे. कोणाच्या नोकरीत नाही. काम करावे आणि त्याचे पैसे घ्यावेत, असा माझा व्यवसाय. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी वाचनाचेही ताट मांडण्याची प्रथा महाराष्ट्रात रुजली. त्या प्रथेचे पुण्य वाचकांना लाभते. जागरण आमच्या वाट्याला येते. भाद्रपद लागला की शिंपी, चकल्या तळून देणाऱ्या बाई आणि मुद्रितशोधक या तिघांची अवस्था एकच होते. वाचकहो, रागावू नका; पण दसरा उलटल्यावर कापड काखोटीला मारून ‘साधा सदराच तर शिवायचा आहे’ म्हणत शिंप्याच्या दारात उभे राहणारे आपल्यांतलेच असतात.

आता थोडे गणित. सोळा पानांचा एक फॉर्म नीट तपासायला मला अडीच तास लागतात. दिवसाकाठी चार फॉर्म झाले की माझे डोळे संपतात. पाचवा फॉर्म वाचता येतो, तपासता येत नाही. थकलेला डोळा कागदावरचे अक्षर पाहत नाही, मनातले पाहतो. मग ‘दीन’चा ‘दिन’ होतो, ‘शिर’ आणि ‘शीर’ यांत भेद उरत नाही, आणि लेखकाचे मस्तक जाऊन तेथे नुसती नस राहते!

गेल्या वर्षी कोजागिरीच्या संध्याकाळी एका प्रकाशकांनी मला आठ फॉर्म पाठवले. हल्ली मोबाइलवर फाइल आधी येते, विचारणा मागून. ‘सकाळी हवेत’, इतकाच मजकूर. मी कळवले, ‘चार दिवसांनी देईन; तोवर थांबणे शक्य नसल्यास दुसऱ्या जाणकाराचे नाव सुचवतो.’ उत्तर आले, ‘आम्ही तर तुम्हांला घरचे मानतो!’ या घरोब्याचे मला नवल वाटते. काम सांगताना मी घरचा असतो. बिल मात्र परक्यासारखे फाल्गुनापर्यंत पडून राहते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे देण्यास मुदत घातली आहे : लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या आत, नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. पण आमच्या गिऱ्हाइकांना मुदत ठाऊक असते ती फक्त आमची!

कोणी म्हणेल, ‘गिऱ्हाईक म्हणजे देव, नकार दिलात तर तो दुसऱ्या देवळात जाईल.’ जाईल ना! ते प्रकाशक गेलेच. यंदा त्यांच्याकडून एकही पान आले नाही, आणि ती पोकळी माझ्या मिळकतीत मला स्पष्ट दिसते. तरीही माझा नकार योग्यच होता. त्या रात्री माझ्या टेबलावर एका निवृत्त शिक्षिकेच्या आठवणींचे पुस्तक होते. साठवलेल्या पैशांतून त्या ते स्वतः छापत होत्या. त्यांनी एकदाही फोन करून तगादा लावला नाही. आठ फॉर्मांना मी ‘हो’ म्हटले असते, तर ते तास मी माझ्या खिशातून दिले नसते. त्यांच्या पुस्तकातून चोरले असते. ओरडणाऱ्याला दिलेला होकार नेहमी गप्प बसणाऱ्याच्या हिश्शातून जातो. म्हणून ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला मी भला माणूस म्हणत नाही. तो दुसऱ्याच्या पैशाने उदार झालेला माणूस आहे.

मात्र नकारालाही रीत हवी. तो त्याच दिवशी द्यावा, टांगून ठेवू नये. त्याला आजारी मावशीची झालर लावू नये. मावशी बरी झाली की गिऱ्हाईक परत येते. काम कधी जमेल ती तारीख सांगावी. किती पाने, किती वेळा तपासणी, कोणता दर, घाईचा दर किती, हे आरंभीच लिहून घ्यावे. रात्री नऊनंतर फोन घेणार नाही, हेही त्यातच लिहावे आणि मग खरोखरच घेऊ नये.

आणि आपणही, वाचकहो, शिंप्याला ‘उद्या द्याल ना?’ असे न विचारता ‘कधी जमेल?’ असे विचारून पाहा. या अंकात एखादी चूक आढळलीच, तर मुद्रितशोधकाला बोल जरूर लावा. फक्त त्याआधी, त्याला किती दिवस दिले होते, तेवढे संपादकांना विचारा.