आधी डॉक्टर, मग मॅच

चौदा वर्षांचा भाचा परवा म्हणाला, "मामा, बॉलिंग करताना कंबर दुखते. सर म्हणतात, सहन कर." राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

वाढत्या वयात मणक्याची हाडं पुरती पक्की झालेली नसतात. रोज तोच पीळ बसला की बारीक तडा जातो, साध्या एक्स-रेत तो बऱ्याचदा दिसतही नाही. वेळीच विश्रांती दिली तर सहसा भरून येतो. बुमराहसारख्या कसलेल्या गड्यालाही २०२३ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया करावी लागली!

आठवड्यात एक-दोन दिवस आणि वर्षात दोन-तीन महिने त्या खेळाला सुट्टी द्या, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे शाळा, क्लब, उन्हाळी शिबिर... बारा महिने चालूच.

दुखतंय म्हणणारं पोर रडकं नसतं. ताईला बजावलंय, आधी डॉक्टर, मग मॅच.

असो. तुमच्याकडे काय करतात?