मधुरा कोण?

मंडळी, यंदा या पानासाठी काहीतरी हलकंफुलकं लिहायचं ठरवलं होतं. पण गणपती उठले त्या आठवड्यात एक फोन आला आणि विषय बदलला. फोन करणारी मुलगी लातूरजवळच्या गावातली. नवरा इथे नासजवळच्या एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. आपल्याच मंडळातल्या कुणीतरी तिला माझा नंबर दिला होता. नमस्कार-चमत्कार न करता तिने थेट विचारलं, "ताई, इंटरव्ह्यूला काय काय विचारतात? मी पाठ करून ठेवते."

बहुधा इंटरव्ह्यू होणारच नाही, हे तिला पटवायला मला दहा मिनिटं लागली.

तिची चूक नाही. आपल्याकडे ‘व्हिसा’ म्हटलं की डोळ्यांसमोर अमेरिकेची खिडकी येते. माझ्या ताईची मुलाखत २०१२ मध्ये झाली. मुंबईची अमेरिकन वकिलात तेव्हा ब्रीच कँडीहून वांद्रे-कुर्ला संकुलात येऊन वर्षही झालं नव्हतं. आत मोबाइल चालत नाही, म्हणून पिशव्या सांभाळायला मी बाहेर फुटपाथवर. ताईने चाळीस प्रश्नांची उत्तरं घोकली होती. भाऊजींच्या टूथब्रशचा रंगसुद्धा, कारण कुणाच्या तरी मैत्रिणीला म्हणे तो विचारला होता. दोन तासांनी ताई बाहेर आली ती हिरमुसलेली. मला वाटलं, झालं, नाकारला. तर म्हणे, "तीनच प्रश्न विचारले गं. लग्न कधी झालं, ते काय करतात, आणि यापूर्वी अमेरिकेला गेला होतात का. व्हिसा मंजूर." टूथब्रशचा रंग वाया गेल्याचं दुःख तिला परतीच्या लोकलमध्ये दादरपर्यंत पुरलं.

आयर्लंडचं तसं नाही. इथे तुमच्या तोंडाकडे सहसा कुणी बघत नाही, तुमच्या फाइलकडे बघतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याचा छापील सारांश सही करून कागदपत्रांसकट अर्ज-केंद्रात द्यायचा. काउंटरवरची मुलगी कागद मोजून घेते, निर्णय तिच्या हातात नसतो. पासपोर्ट आणि फाइल दिल्लीला जाते आणि आपण न पाहिलेला कुणी अधिकारी आपला संसार वाचतो. खिडकीपुढे निदान हसून तरी दाखवता येतं. कागदाला हसू कुठून आणायचं?

माझी फाइल २०१८ सालची. कराडच्या शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवत होते, एम.ए. झालेलं, नोकरी कायम होण्याच्या बेतात. मामांनी बायोडाटा धाडला, पोहे झाले, दोनदा हॉटेलात भेटलो, लग्न झालं आणि चौदाव्या दिवशी नवरा विमानात बसला. आता या सोळा-सतरा दिवसांच्या सहवासावर ‘आमचं नातं खरं आहे’ असं पत्र लिहायचं. पत्रात ओळख कशी झाली, कुठे भेटलो, संपर्क कसा ठेवता, सगळं यायला हवं. मी मुलांना निबंध लिहायला शिकवणारी बाई, पण त्या पत्राचे चार खर्डे फाडले. ‘मामांनी बायोडाटा पाठवला’ हे वाक्य इंग्रजीत कसंही लिहिलं तरी गुरांच्या बाजारासारखं वाटायला लागलं. शेवटी जसं घडलं तसं लिहिलं.

संपर्काचा पुरावा म्हणून व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट लावायचे होते. मी बसून निवडायला लागले तर काय, "जेवलीस का?" "हो." "काय केलं होतं?" "शेपू." "मला नाही आवडत." पुढच्या दिवशी पुन्हा "जेवलीस का?" मामेबहीण म्हणाली, "यात प्रेम कुठाय? दोन-चार बदाम टाकून नवीन लिहा की." नव्याने लिहून मागच्या तारखा कुठून आणणार? आणि खोटं लिहायचं नाही, एवढा शाळेचा संस्कार शिल्लक होता. शेपूसकट सगळं लावलं. फोटोंची तीच गत. चारशे माणसं, मध्ये आम्ही दोघं, आणि दोघंही भटजींकडे बघतोय.

पण खरी अडचण वेगळीच होती. फाइल लावून झाल्यावर नवऱ्याने तिकडून व्हिडिओवर एकेक कागद तपासला आणि विचारलं, "यातली मधुरा कोण?"

मीच. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नाव लिहिलं, ते मधुरा. पासपोर्टवर, पदवीवर, शाळेच्या पत्रावर आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यावर मी मनीषा, वडिलांच्या नावा-आडनावासह. अल्बमवर सोनेरी अक्षरांत मधुरा. सासरच्या रेशनकार्डावर मधुरा, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. आणि बँकेच्या पासबुकावर एक तिसरीच, मनीषा पण आडनाव सासरचं. कागदोपत्री माझ्या नवऱ्याला तीन बायका होत्या, आणि त्यातली एकच बाहेरदेशी जायला निघाली होती.

दोन वाटा होत्या. राजपत्रात नावबदल छापून आणायचा, मग नवा पासपोर्ट, मग सगळं नव्याने, म्हणजे आणखी काही महिने. किंवा शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करायचं, की मनीषा आणि मधुरा एकच, आणि यापुढे मनीषा हेच नाव वापरणार. मी दुसरी वाट धरली. खरं सांगायचं तर घाई हे अर्धंच कारण होतं. मनीषा या नावावर मी एम.ए. केलं होतं, मुलं मला मनीषाबाई म्हणत होती. नोकरी सोडायची होतीच, नाव तरी राहू दे असं वाटलं. हे सासूबाईंना मी सांगितलं नाही. फक्त ‘व्हिसासाठी’ म्हणाले.

बार्शीला कोर्टाबाहेर टायपिंगवाल्याच्या बाकड्यावर मी आणि सासूबाई बसलो होतो. त्याने मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे मधुरा फक्त रेशनकार्डापुरती." मधुरा हे नाव त्यांनीच निवडलं होतं. मला काही बोलता येईना. टायपिंगवाला शाई पुसत होता. सासूबाईंनीच मग त्याला विचारलं, "जुन्या नावाचंही होतं का हो असं? माझं माहेरचं नाव कुसुम. पंचेचाळीस वर्षं झाली, आता त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही." तो म्हणाला, "होतं की मावशी, पण कशासाठी पाहिजे?" त्या म्हणाल्या, "कशासाठीच नाही."

व्हिसा आला. मी नासला आले, इथल्या गार्डा स्टेशनात जाऊन नोंदणी केली, तीनशे युरो भरले आणि कार्ड मिळालं. (किल्डेअरकरांची ही नोंदणी २०२३ पासून डब्लिनला बर्ग की इथे होते, नव्यांनी ध्यानात ठेवावं.) त्यावर ‘स्टँप ३’, म्हणजे राहा, पण काम करू नका. नवरा क्रिटिकल स्किल्स परवान्यावर असला तरी बायकोला नोकरीसाठी वेगळा परवाना काढावा लागे. ६ मार्च २०१९ पासून अशा बायकांना ‘स्टँप १जी’ मिळू लागला आणि ती अट गेली. साध्या जनरल परवान्यावाल्यांच्या जोडीदारांना मात्र त्यासाठी १५ मे २०२४ उजाडावं लागलं. माझ्या लातूरच्या मैत्रिणीचं नशीब तेवढं बरं. मला १जी मिळाला तेव्हा कळलं की इथे प्राथमिक शाळेत शिकवायचं तर आयरिश भाषा यायला लागते, आणि माध्यमिक शाळेत मराठी हा विषय नाही. तेव्हा सध्या घर, दोन पोरं, आणि शनिवारी आपल्या मंडळाच्या मुलांची बाराखडी.

शेजारच्या आजींना एकदा हे सांगत होते. आम्ही कालव्याच्या कडेने चालत होतो. त्या म्हणाल्या, त्यांची आईही शिक्षिका होती, लग्न झालं त्या दिवशी नोकरी गेली. व्हिसा-बिसा काही नाही, कायदाच तसा. प्राथमिक शिक्षिकांवरचा हा लग्नाचा बार १९५८ साली उठला, सरकारी नोकरीतला थेट १९७३ मध्ये. आपण यांना पुढारलेले समजून बसतो! मग मी त्यांना तांदळातल्या नावाची गोष्ट सांगितली. त्यांना नवल वाटलं नाही. आयरिशमध्ये म्हणे मुलाच्या आडनावाआधी ‘ओ’, मुलीच्या आधी ‘नी’, आणि लग्न होऊन आलेल्या बाईच्या आधी ‘ई’. नुसतं आडनाव वाचून कळतं की ही लेक आहे का सून. मी विचारलं, "मग तुम्ही काय लावता?" हसून म्हणाल्या, "पेन्शनच्या कागदावर एक, आणि आईच्या थडग्यावर दुसरं."

तर, फोनवर त्या मुलीला मी सगळं सांगितलं. पत्र स्वतःच्या शब्दांत लिही, इंग्रजी साधं असलं तरी चालेल. जी कागदपत्रं मराठीत आहेत त्यांचं भाषांतर जोड. लग्नाचे फोटो दहाच लाव, पण तारखेसकट. मग विचारलं, "नाव सगळीकडे एकच आहे ना?"

पलीकडे शांतता. मग हळूच, "लग्नात बदललंय ताई. पण मला अजून सवय नाही झाली."

"बरं. मी तुला कोणत्या नावाने हाक मारू?"

तिने सांगितलं. ते कोणतं, ते इथे लिहीत नाही. मग तिने चॅट वाचून दाखवायला सुरुवात केली, कोणते स्क्रीनशॉट लावू म्हणून. शेवटचा मेसेज आदल्या रात्रीचा होता. "गॅस बंद केलास का?" "हो." "सिलिंडरवरून पण?" "थांब, बघून येते."

"हा नको ना ताई?" तिने विचारलं.

"पहिला तोच लाव," मी म्हटलं.