चवीपेक्षा टिकण्याचे शास्त्र

खाद्यउद्योगातल्या संशोधन विभागाचे काम बाहेरून चवीचे वाटते. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग पदार्थ टिकवण्याचा आणि खर्च आवरण्याचा असतो. म्हैसूरची सीएफटीआरआय, मुंबईची आयसीटी किंवा परभणीचे अन्नतंत्र महाविद्यालय यांतून बाहेर पडलेला उमेदवार पहिली काही वर्षे वजनकाटा, पीएच मीटर आणि रिफ्रॅक्टोमीटर यांच्या सोबतीने काढतो. चाखणाऱ्यांपुढे तीन वाट्या ठेवल्या जातात, दोन सारख्या आणि एक वेगळी. वेगळी कोणती हे बहुतेकांना ओळखता आले नाही, तर स्वस्त घटकाचा विचार पुढे सरकतो. दिवसभर फुकट बिस्किटे खायची नोकरी, अशी नातेवाइकांची समजूत मात्र शेवटपर्यंत जात नाही.

माणूस खरा तयार होतो तो प्लँटवर. श्रीखंड घ्या. घरी दही फडक्यात रात्रभर टांगले की चक्का मिळतो. हजारो लिटरांच्या हिशेबात तेच निथळणे तासन् तास चालते, तेवढ्या वेळात आंबटपणा वाढतो, यीस्ट आणि बुरशी शिरते, आणि प्रत्येक घाण्याचा चक्का निराळा निघतो. 1970च्या दशकात बडोद्याच्या डेअरीत या कामाला क्वार्ग सेपरेटर जुंपला गेला. युरोपात ताज्या चीजसाठी वापरले जाणारे हे यंत्र दही वेगाने फिरवून निवळी सलग बाजूला काढते. स्निग्धांश निवळीबरोबर वाया जाऊ नये म्हणून दही साय काढलेल्या दुधाचे लावायचे, आणि क्रीम मागाहून साखरेबरोबर मिसळायचे. घरातल्या क्रमाची ही उलटापालट पाककृतीच्या पुस्तकातून सुचणारी नव्हे. त्यासाठी दूध, यंत्र आणि हिशेब तिन्ही कळावे लागतात.

दहा-पंधरा वर्षांनंतर कामाचा पोत बदलतो. 2006चा अन्नसुरक्षा कायदा आणि 2011चे नियम आल्यापासून कागदपत्रांचा भार वाढला. श्रीखंडात एकूण घनपदार्थ किमान 58 टक्के हवेत आणि कोरड्या भागात साखर 72.5 टक्क्यांच्या वर जाता कामा नये, अशा मर्यादा पाठ असलेला माणूस मार्केटिंगच्या उत्साहाला वेळीच लगाम घालतो. 'साखर कमी केली' असे लेबलवर छापणे सोपे; पण साखर उतरली की पदार्थातले मोकळे पाणी वाढते आणि जंतूंचे फावते.

पुढे दोन वाटा फुटतात, व्यवस्थापनाची आणि निव्वळ तज्ज्ञाची. दुसऱ्या वाटेवरच्या पायऱ्या पुष्कळ कंपन्यांत लवकर संपतात, त्यामुळे चांगले संशोधकही नाइलाजाने बैठकांत अडकतात. काही जण निवृत्तीनंतर सल्लागार होतात. त्यांना बोलावणारे बरेचदा लहान मसालेवाले आणि लोणचेवाले असतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पाकिटावर किती महिने छापायचे?