आधी पत्रिका जुळवा!

जुनी गाडी घेतलीत? सही! पण नवी कॉइल बसवण्याआधी पत्रिका बघाच. पॉइंट्सवाल्या 12 व्होल्ट गाड्यांचा फंडा सोपा आहे. साधी कॉइल साधारण 3 ओहमची, ती एकटीच सुखी. बॅलास्टवाली 1.5 ओहमची, तिला तेवढ्याच रेझिस्टरची साथ हवी. स्टार्टर मारताना तो बाजूला होतो, म्हणून स्पार्क दणदणीत! पण साथच नसेल, तर करंट 4ऐवजी 8 अँपियरपर्यंत. पॉइंट्स जळतात, कॉइल तापते. उलट 3 ओहमवालीला रेझिस्टर जोडलात, तर स्पार्क मरगळलेला. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या एमजीबीत तर रेझिस्टर दिसतच नाही, वायरिंगमध्येच दडलेला असतो! तेव्हा रूपावर भाळू नका. कॉइलच्या वायरी काढा, मल्टिमीटर लावा, मगच अक्षता टाका.