कोतवालाच्या राखणीतले जंगल

ताडोब्यात पर्यटकांची नजर वाघाचा माग काढत असताना डोक्यावरच्या फांद्यांतून अनेकदा एक रंगीत मेळा सरकत जातो. केशरी छातीचा छोटा निखार, निळसर पाठीचा शिलिंध्री, शेपटीचा पंखा फुलवणारा नाचण आणि मागोमाग काळाभोर कोतवाल. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात विणीचा हंगाम सरला, की असे मिश्र थवे हिवाळाभर दिसतात.

या सोबतीमागे रोकडा व्यवहार आहे. एकट्या पक्ष्याला किडे टिपताना शिक्र्यावरही डोळा ठेवावा लागतो. थव्यात राखण वाटली जाते. कोतवाल ओरडला की सारे सावध होतात. बदल्यात इतरांनी उठवलेले किडे त्याला आयते मिळतात. गडचिरोलीतला पल्लवपुच्छ कोतवाल तर इतर पक्ष्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. त्याच्या जवळच्या नात्यातील कोतवालाच्या अशा नकला ऐकून इतर पक्षी थव्याकडे ओढले जातात, असे श्रीलंकेतील सिंहराजा जंगलातल्या अभ्यासात दिसले.

रंगांचेही तसेच. कोतवालाचा काळा रंग मेलॅनिनचा. तो शरीरातच तयार होतो. निखाराचा केशरी मात्र कॅरोटिनॉइडचा. गाजरालाही याच गटातली द्रव्ये रंग देतात. पक्ष्याला ती बनवता येत नाहीत. पाने खाणाऱ्या अळ्यांतून ती त्याच्या पिसांत उतरतात. म्हणजे निखाराच्या छातीवर जंगलाच्या पानोळ्याचाच रंग असतो.

म्हणूनच केवळ झाडे मोजून जंगल मोजले जात नाही. निखार शेंड्यावर, शिलिंध्री खोडावर, नाचण झुडपांत चरतो. मिश्र जंगल काढून एकसुरी सागवान उभे केले, की यातले मजले कमी होतात. मोहफुले वेचण्यासाठी लावलेली आग पसरली, की तळमजलाच जळतो. मोह हा इथल्या घरांचा आधार आहे, त्यामुळे दोष वेचणाऱ्यांच्या माथी मारून भागणार नाही. झाडाखाली जाळी बांधून फुले झेलता येतात. त्या जाळ्या गावोगावी पुरवणे हे शासनाचे काम आहे. सागवान लागवडीतही मिश्र झाडांचे पट्टे आणि ढोलीची जुनी झाडे राखायला हवीत.

वाघांची गणना व्हावीच. पण जंगलाचे सगळे मजले शाबूत आहेत का, हे या थव्याकडे पाहूनच कळेल. कोतवाल उरला आणि राखायला थवाच उरला नाही, तर त्याची हाक ऐकणार कोण?