रायगड एका दिवसात दाखवताय? मग बाकीचे स्पॉट काढून टाका

आज जरा स्पष्ट बोलतो. शनिवार-रविवारी बस भरून एक दिवसाच्या किल्ले सहली काढणाऱ्यांसाठी हे आहे. साइड बिझनेस म्हणून हे काम सोपं वाटतं. भांडवल कमी, बस भाड्याची, जाहिरात व्हॉट्सॲपवर. त्यात जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, ११ आपल्याकडचे आणि एक तमिळनाडूतला जिंजी. रायगड त्यात आहेच. म्हणजे मागणी वाढणार आणि पोस्टरंही वाढणार.

पोस्टर कसं असतं तुम्हाला माहिती आहे. "पुणे ते रायगड, सोबत शिवथरघळ आणि ताम्हिणीचा धबधबा, नाश्ता-जेवणासह फक्त ९९९!" माझं मत विचाराल तर ही सहल गिऱ्हाइकाला परवडत नाही आणि तुम्हालाही नाही. एका दिवसात एकच किल्ला विका आणि त्याचे पूर्ण पैसे घ्या.

आधी घड्याळ बघू. स्वारगेटला पहाटे पाचला बस लावली, चांदणी चौकात उशिरा येणाऱ्या दोघांसाठी थांबलात, ताम्हिणी-माणगाव मार्गे नाश्ता करत गेलात, तर पायथ्याला पोचायला साडेनऊ-दहा होतातच. हिरकणीवाडीला रोपवेची रांग सुट्टीच्या दिवशी किती असेल ते तुमच्या हातात नाही. पायऱ्यांनी जायचं तर घरातल्या मंडळींना दीड-दोन तास लागतात. म्हणजे गडावर खरे पाय टेकतात अकरा-साडेअकराला. आता राजसदर, नगारखाना, होळीचा माळ, बाजारपेठ, जगदीश्वर, महाराजांची समाधी आणि टकमक टोक, एवढं नीट बघायला चार तास पाहिजेत. शिवथरघळ त्यात घुसवली की तुम्ही दोन वाजताच "चला चला, खाली चला" म्हणून ओरडायला लागता. सासूबाई समाधीपर्यंत पोचलेल्याच नसतात. त्यांनी ९९९ कशाचे दिले मग? बसच्या खिडकीचे?

आता पैसे. आकडे समजायला धरलेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला. रोपवेचं तिकीट आणि टॅक्स दोन्हीकडे वेगळे. समजा ४५ सीटची बस डिझेल-टोलसकट २०,००० ला पडते, जाहिरात ३,०००, खाणं माणशी २५०, आणि ड्रायव्हर व तुम्ही धरून ४७ ताटं. बस फुल्ल झाली तर ४४,९५५ येतात आणि सगळं जाऊन १०,२०५ उरतात. ऐकायला बरं वाटतं. पण दहा सीट रिकाम्या गेल्या की उरतात २,७१५. बसवाला सीट मोजून भाडं घेत नाही ना! ३२ सीट भरेपर्यंत तुम्ही फुकट राबताय, आणि यात तुमची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही.

दुसरा हिशोब बघा. ३२ सीटची बस १६,००० ला, तिकीट १,५००. जाणकार गाईडला ३,०००, सोबत दोन पोरं मदतीला त्यांना मिळून २,०००, जाहिरात तेवढीच, जेवण चांगलं म्हणून माणशी ३००. गाईड, पोरं, ड्रायव्हर धरून ३६ ताटं. बस भरली तर १३,२०० उरतात, आणि २१ सीटला खर्च निघतो. कमी माणसं, जास्त पैसे, आणि गडावर डोकी मोजायलाही सोपं.

"सर, १,५०० म्हटलं की लोक फोन ठेवतात." ठेवू देत. मी दुकानदार आहे, सगळ्यात स्वस्त माल घेणारा गिऱ्हाईक पाच रुपयांसाठी समोरच्या दुकानात जातो हे रोज बघतो. तुम्ही ९९९ केलंत की शेजारचा ८९९ करणार. तुमच्याकडे द्यायला वेगळं काय आहे? वेळ आहे. पोस्टरवर लिहा, "गडावर पूर्ण चार तास". हे कोणी लिहीत नाही.

आणि ड्रायव्हर. याच्याबद्दल कोणी बोलतच नाही. स्वारगेटला पाचला बस लागते म्हणजे तो साडेतीनला उठलेला असतो. तुम्ही तीन स्पॉट केले, परतीला एका ढाब्यावर तासभर गेला, की हाच माणूस रात्री दहा वाजता ताम्हिणीची वळणं घेतोय आणि मागे ४५ जण झोपलेत. स्पॉट कमी केले तर तो दुपारी पायथ्याला तीन-चार तास झोपू शकतो आणि अंधार पडायच्या आत घाट मागे पडायला बसतो. ड्रायव्हरच्या जेवणाचे आणि झोपायच्या जागेचे पैसे वाचवणारा आयोजक मला तरी माझ्या घरच्यांसाठी नको.

गाईडवर खर्च कशाला, यूट्यूबवर सगळं आहे, असंही म्हणतात. उलट बघा. बाजारपेठेत समोरासमोर गाळ्यांच्या दोन रांगा आहेत, उंच जोत्यांच्या. घोड्यावरून खरेदी करायचे म्हणून जोती उंच, एवढं एक वाक्य सांगून बहुतेक जण पुढे सरकतात. तिथेच पाच मिनिटं थांबून सांगा की ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडेन नावाचा इंग्रज वकील हजर होता. तो काही फक्त सोहळा बघायला आला नव्हता. व्यापाराच्या तहाची बोलणी होती, राजापूरच्या वखारीच्या नुकसानभरपाईचा विषय होता. म्हणजे या गडावर धंद्याची बोलणीही चालायची! हे ऐकल्यावर दुकानदार असो की कॉलेजचा पोरगा, तो त्या गाळ्यांकडे परत वळून बघतो. आणि खाली पाचाडला जिजाऊंची समाधी. राज्याभिषेकानंतर ११-१२ दिवसांतच, १७ जून १६७४ ला त्या गेल्या. गडावरून उतरल्यावर तिथे जायला अर्धा तास ठेवा. तो वेगळा स्पॉट नाही, रायगडाचाच भाग आहे.

पावसाळ्यात मात्र हिशोबात एक ओळ जास्त ठेवा. वारा जोरात असला की रोपवे थांबतो, पायवाट बंद करायचीही वेळ येते. अशा दिवशी पैसे परत की पुढची तारीख, हे बुकिंग घेतानाच लिहून द्या. बसमध्ये भांडण नको.

जेवण पुण्याहून पॅक करून नेऊ नका. गडावर आणि पायथ्याला घरगुती पिठलं-भाकरी, ठेचा, ताक मिळतं. आदल्या दिवशी फोन करून ताटं किती ते सांगा, अर्धे पैसे आधीच पाठवा. तिथे जाऊन ३० ताटांवर घासाघीस करणारे आयोजक असतात, भाकऱ्या थापून तयार असताना! सहा जण ऐनवेळी आले नाहीत तरी सांगितलेल्या ताटांचे पैसे द्या. ते १,८०० रुपये १३,२०० मधून सहज निघतात. दहा सीट रिकाम्या गेलेल्या ९९९ च्या बसमध्ये तेवढी जागाच नसते, मग तुम्ही त्या बाईंशी वाद घालत बसता.